कुणाच्या लीगमध्ये खेळायचं?



आज फुटबॉलवर बोलायचं आहे. हसू नका, थोडं ऐका.

आम्ही घाटकोपरला मुलींची फुटबॉल टीम चालवतो. थाट काही नाही. वीसेक मुली, चार चेंडू आणि रविवारी सकाळी मिळेल ते मैदान. आजवर आसपासच्या वस्त्यांमधल्या टीमांबरोबर आमची घरचीच लीग होती. लीग म्हणजे साखळी सामने. प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येक टीमशी खेळते आणि गुणांची बेरीज होते. एक सामना हरला म्हणून कुणाला घरी जावं लागत नाही. वेळ आमची, नियम आमचे, फी जमेल तेवढी.

यंदा प्रश्न आला की ही लीग सोडून संघटनेच्या नोंदणीच्या लीगमध्ये जायचं का? तीन संध्याकाळी भांडण झालं. मग एक जण म्हणाली, "हा पेच आपल्याच वाट्याला आला असेल का? आधीच्या बायकांनी काय केलं ते तरी बघू." म्हणून शोधलं. जे सापडलं ते असं.

गोष्ट सुरू होते लांब इंग्लंडात. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि बायका कारखान्यात आल्या. प्रेस्टन गावच्या डिक-कर कारखान्यातल्या कामगार बायकांनी टीम काढली. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या मैदानात त्यांचा सामना पाहायला 53 हजार माणसं आली. वर्षभरातच, 5 डिसेंबर 1921 ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि आपल्या क्लबांनी त्यांना मैदान द्यायचं नाही. बायकांनी काही दिवसांतच स्वतःची संघटना काढली, मिळेल त्या बागेत, माळावर खेळल्या. बंदी उठायला पन्नास वर्षं गेली. तिथे लीग बदलायचा प्रश्नच नव्हता, दारच बंद होतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी, आणि आम्हाला जास्त जवळची. 1968 मध्ये हाँगकाँगला आशियातल्या महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ निघाला. 1975 मध्ये भारतातही महिला फुटबॉलचा वेगळा महासंघ स्थापन झाला. उत्तर प्रदेशच्या बेगम हमीदा हबीबुल्ला त्याच्या अध्यक्ष होत्या. कारभारात पुरुषही होते, पण काम एकच, महिलांचं फुटबॉल. पुरुषांचं फुटबॉल चालवणारा अखिल भारतीय महासंघ बाजूला होता.

या वेगळ्या चुलीवर काय शिजलं ते बघा. जानेवारी 1980 मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली. यजमान म्हणून भारतानं एक सोडून दोन टीम उतरवल्या आणि त्यातली एक थेट अंतिम सामन्यात गेली. तैवानकडून 2-0 अशी हरली, पण दुसरी आली. 1981 ला आपण तिसरे, 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा दुसरे. त्याच 1983 चा अर्जुन पुरस्कार बंगालच्या शांती मलिक यांना मिळाला. तेव्हा पुरुषांची टीम कुठे होती? 1964 नंतर आशियाई चषकात पोहोचायला तिला 1984 उजाडलं होतं.

मग मोडलं कशानं? मान्यतेनं. 1986 मध्ये आशियाचा महिला महासंघ पुरुषांच्या मोठ्या महासंघात विलीन झाला. 1991 ला चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला, आणि तिथे जायची वाट फिफाच्या सदस्य महासंघातूनच होती. वेगळी चूल पेटती ठेवून त्या वाटेला लागता येत नव्हतं. 1990 च्या आसपास महिला फुटबॉल अखिल भारतीय महासंघाकडे गेलं, आणि 1991-92 पासून राष्ट्रीय स्पर्धा तोच भरवू लागला.

आमच्या टीममधल्या काहींना वाटलं, चला, मोठ्या घरात गेलो, आता सुख. तसं झालं नाही. जून 2009 मध्ये भारताच्या महिला टीमचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच काढलं गेलं. कारण काय, तर दीड वर्षापेक्षा जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना झाला नव्हता. हरल्या म्हणून नव्हे हो, खेळवलंच नाही म्हणून. मोठ्या एकत्र कुटुंबातल्या सुनेला हे वेगळं सांगायला नको. मात्र हेही खरं, की डिसेंबर 2010 ला दक्षिण आशियाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या पाचही वेळा भारतच जिंकला.

देशाची महिला लीग यायला 2017 उजाडलं. दिल्लीत सहा टीम खेळल्या, त्यात एक पुण्याची होती. तिच्यामागचा क्लब 2019 मध्ये बंद पडला. पुढे कोल्हापूरची टीम आली, 2022 ला मुंबईची पिफा, 2023 ला मुंबई नाइट्स. नावं दरवेळी नवी, एकही पाय रोवून उभी नाही, हे आम्हाला टोचतं. 2023-24 ला वरच्या लीगमध्ये सातच टीम ठेवल्या. त्यांत महाराष्ट्राची एकही नव्हती.

घाटकोपरहून मेट्रोत बसलं आणि आझाद नगरला उतरलं की अंधेरीचं क्रीडासंकुल जवळच आहे. जानेवारी 2022 मध्ये महिला आशियाई चषकाचे सामने तिथे झाले. भारताचे पहिले दोन सामने नवी मुंबईत होते. इराणशी बरोबरी झाली, पुढचा सामना होता तैवानशी, म्हणजे 1980 च्या त्याच पाहुण्यांशी. पण कोरोनानं इतक्या मुली आजारी पडल्या की तेरा खेळाडूही उभ्या राहीनात, आणि आपल्याच अंगणातल्या स्पर्धेतून आपण बाहेर.

हे सगळं वाचून चौथ्या संध्याकाळी बसलो. नोंदणी झाली की मुलगी एका वेळी एकाच क्लबची. फी ठरलेली, तारखा त्यांच्या, दहावीची परीक्षा असो की गावची जत्रा. पण जिल्हा, राज्य, देश ही शिडी तिथूनच लागते. आमची गोलकीपर सोळा वर्षांची आहे. तिला घरच्या लीगमध्ये अडवून ठेवायचा हक्क आम्हाला कुणी दिला? दुसरीकडे, नवशिक्या मुलींना मोठ्या लीगमध्ये कोण खेळवणार?

शेवटी मुलींनीच हात वर केले. मोठ्या मुलींची नोंदणी करायची, आणि रविवारची आपली लीग धाकट्यांसाठी चालू ठेवायची. दोघी जणी विरोधात होत्या, त्या अजून रुसलेल्या आहेत.

आता कागद गोळा करतोय. चौघींचे जन्मदाखले गावच्या ग्रामपंचायतीत आहेत. त्यातल्या एकीची आई परवाच एसटीनं गेली आहे, अजून आलेली नाही.