तंबूला मीटर असतो का?

विजेत आणि व्याजात एक विलक्षण साम्य आहे. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, दोन्ही रात्रंदिवस चालू असतात आणि दोन्हींचा साक्षात्कार माणसाला कागद हातात पडल्यावरच होतो. बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षे बसून व्याजाचे मी बऱ्यापैकी जमवले आहे. विजेचा अभ्यास मात्र मला तंबूत करावा लागला.

पूर्वी तंबूत दोनच प्रकारची माणसे राहत. सर्कशीतली आणि फौजेतली. आता मध्यमवर्गीय माणूस घरचे हप्ते फेडून शनिवारी तंबूत झोपायला जातो. लोणावळ्याच्या डोंगराआड, लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्या पहाऱ्यात पवना धरणाचे पाणी पसरले आहे. त्याच्या काठाने पावसाळ्यानंतर रंगीबेरंगी तंबू उगवतात. माणशी ठरावीक रकमेत संध्याकाळची भजी, रात्रीचे जेवण, शेकोटी, सकाळचे पोहे आणि निसर्ग. या निसर्गाच्या कुशीत शिरल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो, "चार्जिंग कुठं करायचं?"

आमच्याही कुटुंबाने तो विचारला. सकाळी हिशेबाचा कागद आला, त्यात पोह्यांच्या खाली एक ओळ होती : 'लाईट चार्ज, मोबाईलमागे ३० रु.' सौ. म्हणाली, "देऊन टाका, सगळीकडे असंच असतं." पण 'सगळीकडे असंच असतं' हे वाक्य ऐकले की माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर जागा होतो. सगळीकडे असे असते का, आणि पूर्वी कसे होते, हे मी शोधून काढले. ते इथे मांडतो. वाचकांनी टोटल मारून पाहावी.

मुक्कामाला आलेल्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मावळाला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याच्या लेण्यांत बौद्ध भिक्षू पावसाळ्यात मुक्कामाला असत. त्या लेण्यांचे तेव्हाचे नाव वलूरक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या मंडळींच्या वर्षावासासाठी करजिक नावाचे अख्खे गाव देऊन टाकले, आणि तसा लेख कार्ल्याच्या दगडात कोरून ठेवला. पुढे राज्य बदलून सातवाहन आले, पण त्यांनीही ती देणगी चालू ठेवली. म्हणजे मावळातले पहिले पॅकेज हे असे होते. राहणे, खाणे, दिवाबत्ती सगळे त्यात आणि बिल एका गावाच्या नावे. त्या गावाला विचारले होते की नाही, हे काही दगडावर कोरलेले नाही.

मग १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची मंडळी हवा खायला लोणावळ्या-खंडाळ्याला येऊ लागली. हवा फुकट होती, उजेड नव्हता. कंदिलाला रॉकेल लागे आणि रॉकेल मापाने मिळे. बाटलीत किती उरले ते उजेडात धरले की दिसे. पुढे गॅसबत्ती आली. लग्न असो, तमाशा असो की शाळेचा कॅम्प असो, बत्ती एका रात्रीच्या भाड्याने मिळे, रॉकेलचे पैसे वेगळे आणि मेंटल फुटले तर त्याचे आणखी वेगळे. आज आपल्या बिलावर 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' असे दोन रकाने असतात, ते पाहून लोक चिडतात. त्यांनी गॅसबत्तीवाल्याची आठवण काढावी. बत्तीचे भाडे हा स्थिर आकार आणि रॉकेल हा वीज आकार. विद्युत मंडळाने नवीन काही काढलेले नाही.

विजेची अडचण अशी की ती बाटलीत दिसत नाही. त्यामुळे सुरुवातीला सरळ दिव्यामागे ठोक दर लावत. मग ज्याने दिवा रात्रभर जाळला आणि ज्याने आठ वाजता मालवला, दोघांना पैसे सारखेच. अशा वेळी शहाणा माणूस दिवा मालवत नाही, आणि माझ्या अनुभवाने जगात शहाण्या माणसांचा तुटवडा नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये घरोघर वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला मापाची गरज भासली. त्याचा मीटर म्हणजे द्रावणाची बरणी आणि तीत जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त निघून दुसरीवर बसे. महिन्याने माणूस येई, पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन करी आणि वजनावरून बिल निघे. म्हणजे सोनाराचाच कारभार, फक्त घट ग्राहकाची. थंडीत बरणीतले पाणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा ठेवलेला असे, तो गारठा वाढला की आपोआप लागे. वीज मोजण्यासाठी वीज जाळणारे हे यंत्र पाहिले असते, तर आमच्या हेड ऑफिसने ते तात्काळ मागवले असते.

१८८९ मध्ये बुडापेस्टच्या ब्लाथी नावाच्या इंजिनियरने फिरत्या चकतीचा मीटर बनवला. तुमच्या-आमच्या लहानपणी जिन्याखाली जी चकती गोल गोल फिरत असे, तिचा हा पूर्वज. मीटर आला आणि ज्याने जाळले त्याने भरावे, हा न्याय आला.

आता गाडी परत घाटात आणतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने काळवंडल्या होत्या. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून घाटाखाली सोडला तर त्यावर गिरण्या चालतील, या कल्पनेचा जमशेटजी टाटांनी ध्यास घेतला होता. ते १९०४ साली वारले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला कोनशिला बसवली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तीन तलावांचे पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीला उतरते आणि तिथे यंत्रे फिरवते. ज्या इंद्रायणीने पूर्वेला देहू-आळंदीकडे जायचे, तिचे पाणी पश्चिमेला वळून गिरणीच्या कामाला लागले. देशाच्या इतिहासात हे काम मोठेच, त्याबद्दल दुमत नाही. मुंबईत परळला वीज पोचली तिथे मीटर होता, गिरणीच्या दाराशी मीटर होता, ट्रामला तिकीट होते. घाटमाथ्यावर मात्र ज्या रानातून पाणी गेले तिथे युनिटे मोजणारी चकती कोणी बसवली नाही. जमिनीचे एकदा काय ते पैसे झाले आणि खाते बंद. उजेड डोंगर उतरून मुंबईला गेला. मावळातल्या खेड्यांत विजेचा खांब उभा राहायला मध्ये कित्येक वर्षे जावी लागली.

पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले, त्यावरचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. शेजारी मुळशीला धरण निघाले तेव्हा मात्र मावळ्यांनी खाते बंद करून घ्यायला नकार दिला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. तीन वर्षांनी लढा मोडला, गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. धरणग्रस्तांचा लढा म्हणून जगात जो पहिल्या लढ्यांत गणला जातो तो हा. मावळ्यांचे म्हणणे एका बँकवाल्याच्या भाषेत सांगायचे, तर जमीन म्हणजे मुदत ठेव, ती दर हंगामाला व्याज देते. ती मोडून कोणी एकरकमी पैसे हातावर ठेवले, तर त्याला फायदा म्हणत नाहीत.

पवना धरण त्यानंतरचे, स्वतंत्र भारताचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभे राहिले. त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना आणि कारखान्यांना मिळाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या काहींना बदली जमिनी मिळाल्या, बाकीच्यांचे कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिले. २०११ च्या ९ ऑगस्टला पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन माणसे मेली. त्या काठावर आपण तंबू ठोकतो आणि मोबाईलला चार्जिंग आहे का, असे विचारतो. विनोदी लेखात हे लिहू नये असे कोणी म्हणेल. पण इतिहासाला आपले लेखन कोणत्या सदरात छापले जाणार आहे हे ठाऊक नसते.

आता साहेबाच्या देशात काय करतात ते पाहू, कारण आपल्याकडे वाद मिटवायचा तो तिथला दाखला देऊनच. विलायतेत लोक चाकांवरचे घर गाडीला जोडून हिंडतात. मुक्कामाच्या जागी एक खांब असतो, त्यावर निळे गोल सॉकेट. त्यात वायर खुपसली की घर उजळते. कुठे सोळा अँपिअर, तर युरोपात काही ठिकाणी सहाच. सहा अँपिअर म्हणजे तेराशे-चौदाशे वॅट. तेवढ्यात चहाची मोठी किटली लावली की खटका पडतो आणि चहा करणाऱ्याबरोबर त्याच्या इभ्रतीवरही अंधार पसरतो.

तिथे पूर्वी नाणे टाकायचे मीटर असत. १८८७ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या ब्राउनहिल नावाच्या गृहस्थाने गॅससाठी ही युक्ती काढली. नाणे टाका, तेवढा गॅस घ्या. पुढे विजेलाही तसेच मीटर आले. मीटरचा दर लावणे मात्र घरमालकाच्या हाती असे, आणि मालकाचा हात कोणत्या बाजूला वळतो हे चाळीत सब-मीटरवर दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको. शेवटी तिथल्या नियामकाने नियम केला. २००३ पासून वीज पुढे विकणाऱ्याने ती ज्या दराने घेतली त्याहून जास्त दर युनिटला लावायचा नाही. नफा हवा तर जागेच्या भाड्यात घ्या, उघडपणे.

आपल्याकडे कायदा त्याहून कडक आहे. २००३ च्याच वीज कायद्याच्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय कोणी वीज वाटू किंवा तिचा व्यापार करू शकत नाही. घरगुती मीटरवरून धंदा केला तर कलम १२६ आहे, दुप्पट दराने आकारणी होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले, गाड्या उभ्या करायला पाणी आणि वीज असलेल्या जागा त्यात आल्या. पण तंबूतल्या पाहुण्याच्या मोबाईलचे काय? तो कायद्याच्या दोन कलमांच्या फटीत पिन खुपसून बसला आहे.

म्हणून मीच हिशेब केला. हल्लीचा मोबाईल एकदा पूर्ण भरायला, वाया जाणारी धरून, पंचवीस वॅट-तास वीज पुरे. एका युनिटमध्ये चाळीस मोबाईल. युनिटला १५ रुपये धरले तरी मोबाईलमागे पडतात ३८ पैसे. घेतले ३० रुपये. म्हणजे युनिटला १,२०० रुपये. हा व्याजदर ऐकला तर आमच्या गावचा सावकार संन्यास घेईल.

हा हिशेब मी तंबूवाल्या पोरासमोर ठेवला. पोरगा पंचवीस-सव्वीसचा, आदबशीर. त्याने कागद नीट वाचला.

"बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "पण मीटर कमर्शियल आहे. स्थिर आकार महिनाभराचा, गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं. जोराचा पाऊस लागला की तंबू काढून ठेवायचे, आकार चालूच. गवत ओलं असतं म्हणून खटका पडणारं यंत्र बसवलं, वायर जाड घेतली. त्याचं काय करायचं?"

"मग ते भाड्यात धर. कागदावर विजेच्या नावाने कशाला?"

"भाडं वाढवलं तर लोक शेजारच्याकडं जातात. चार्जिंगला कोण नाही म्हणत नाही." मग पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबांचं भातखाचर तिथं होतं. ते आम्हाला विचारून नाही गेलं."

यावर माझ्याकडे व्हाउचर नव्हते.

परतीच्या वाटेवर मी आणखी एक गुणाकार केला. हजार लिटर पाणी लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत कोसळले की त्यातून साधारण एक युनिट वीज निघते, थोडी जास्तच. म्हणजे एक मोबाईल भरायला मावळातला दीड बादली पाऊस लागतो. शंभर वर्षांहून अधिक काळ हा पाऊस घाटाखाली उतरतो आहे, आणि या टोकाला कोणी चकती फिरताना पाहिलेली नाही.

तंबूला मीटर हवाच, या मताचा मी आहे. दारात लावलेला, पाहुण्यालाही वाचता येईल असा. जाळले तेवढे द्यावे, आणि घेणाऱ्याने घेतले तेवढे दाखवावे. पण तो लागेपर्यंतचे आमच्या घरचे खाते मी वहीत नीट लिहून ठेवले आहे. मोबाईलमागे रुपये ३०. पैकी वीज आकार ३८ पैसे. उरलेले २९ रुपये ६२ पैसे कोणत्या सदराखाली टाकावेत याचा बराच विचार केला आणि मग 'मागील थकबाकी' असे लिहून टाकले.