बेनाम मोटारींची कुळकथा

नामपृष्ठ गळालेले एखादे जुने पुस्तक ग्रंथालयात दाखल झाले, म्हणजे जाणता ग्रंथपाल ते रद्दीत टाकीत नाही. तो पान उजेडाकडे धरून कागदाचा पोत पाहतो, छपाई शिळाछापाची की खिळ्यांची हे ठरवितो, आणि अक्षराचे वळण जावजी दादाजींच्या निर्णयसागरी टाइपाचे असेल तर पुस्तक त्या टाइपाच्या आधीचे नाही एवढे तरी निःशंकपणे सांगू शकतो. बांधणीच्या पुठ्ठ्याखाली चिकटविलेला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडाही त्याच्या दृष्टीने साक्षीदारच असतो. ग्रंथाच्या बाबतीत मान्य झालेली ही विद्या खेळण्यांच्या बाबतीत मात्र पोरखेळ समजली जाते. वस्तुतः लहान मुलांसाठी तयार झालेल्या धातूच्या छोट्या मोटारींचा इतिहास विसाव्या शतकातील कारखानदारीचा, व्यापाराचा आणि युद्धांचाही इतिहास आहे, आणि त्यातील कितीतरी मोटारींवर कर्त्याचे नाव नाही.

या खेळण्यांचा छपाईशी असलेला संबंध केवळ उपमेपुरता नाही. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑटमार मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र मांडले होते. वितळलेला धातू साच्यात जाऊन अक्षरांची अखंड ओळ बाहेर पडते, हे दृश्य तेथील डाऊस्ट बंधूंनी पाहिले. हे बंधू धोबीव्यवसायासाठी एक नियतकालिक चालवीत असत. अक्षरे ओतता येतात तर गुंड्या आणि लहानसहान शोभेच्या वस्तू का ओतता येऊ नयेत, असा विचार त्यांनी केला. पुढे त्याच रीतीने छोट्या मोटारी निघू लागल्या आणि १९२० च्या दशकात त्या ‘टूटसीटॉय’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. म्हणजे ज्या शोधाने वर्तमानपत्रे स्वस्त केली, त्याच शोधाने मुलांच्या हातात मोटार दिली.

त्याआधीचे राज्य जर्मनीतील न्यूरेंबर्गचे होते. तेथील कारागीर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर रंगीत छपाई करून, पत्रा कापून, टाके वळवून किल्लीच्या मोटारी बनवीत. त्यांच्या खुणा म्हणजे बहुधा दोन-तीन आद्याक्षरे. बिंग बंधूंच्या कारखान्याची जुनी खूण ‘जीबीएन’, तर पहिल्या महायुद्धानंतरची ‘बीडब्ल्यू’. तेव्हा खूण वाचता आली की काळाचा एक मोठा तुकडा आपोआप हाती लागतो. खूण नसेल तरी देशाचे नाव सापडण्याचा संभव असतो, कारण ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने आणि अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर उगमाचा उल्लेख करावयास लावला. ‘डी.आर.जी.एम.’ ही चार अक्षरे पुष्कळांना कारखान्याचे नाव वाटतात. प्रत्यक्षात ती जर्मनीतील नोंदलेल्या रचनेची सरकारी खूण आहे आणि ती १८९१ पासून आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जर्मनी, अमेरिकी विभाग’ किंवा ‘व्याप्त जपानमध्ये तयार’ असे शब्द तळावर आले, ते जेमतेम चार-पाच वर्षे टिकले. जपानवरील ताबा १९५२ मध्ये संपला आणि ते शब्दही गेले. पराभूत राष्ट्राची अवस्था एखाद्या खेळण्याच्या पोटाखाली इतकी नेमकी नोंदलेली क्वचितच कोठे सापडेल. युद्धोत्तर जपानी मोटारींचा पत्रा आतून पाहिला तर कधी कधी खाद्यपदार्थांच्या डब्यावरची छपाई दिसते. टंचाईच्या दिवसांत जुने डबे कापून ही खेळणी केली गेली. पुठ्ठ्याखालच्या वर्तमानपत्राची येथे आठवण व्हावी.

कारखानदाराचे नाव आणि विक्रेत्याचे नाव यांत गल्लत होते, हीही एक अडचण आहे. नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक या इंग्रज पेढीने विकलेला बराच माल न्यूरेंबर्गच्या बिंग आणि कॅरेट यांच्याकडून घडवून घेतलेला होता. श्रीमंतांच्या घरी खेळणे कोणत्या दुकानातून आले हे लक्षात राहते, कोणी घडविले हे राहत नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहून परतणारे शेकडो लोक महाराजांचे नाव सांगतात, कारागिराचे सांगणारा विरळा.

परंतु संग्राहकांच्या कपाटात जी सर्वाधिक आढळते ती लिव्हरपूलची मोटार. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये ज्या जोडखेळाचे पेटंट घेतले तो पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला. त्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या स्थानकाबाहेर उभ्या करण्यासाठी डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा संच निघाला. त्यात दोन मोटारी, एक मालमोटार, एक व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. १९३४ मध्ये या मालाला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. त्यामुळे अगदी पहिल्या ओतकामावर ‘डिंकी’ हा शब्दच नसून ‘हॉर्नबी सिरीज’ असा शब्द आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो सर्वांत दुर्मीळ वस्तू हाती असूनही ती परकी समजून बाजूला ठेवील.

येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. खेळणे कोणी केले हा एक, आणि ते कोणत्या खऱ्या मोटारीची प्रतिकृती आहे हा दुसरा. १९३४ च्या २४ क्रमांकाच्या मालिकेत ‘टाउन सेडान’, ‘व्होग सलून’, ‘स्पोर्ट्समन्स कूपे’ अशी नुसती वर्णनात्मक नावे होती. ती कोणा एका कंपनीच्या मोटारीची चित्रे नव्हती. अशा मोटारीला रस्त्यावरच्या एखाद्या प्रसिद्ध मोटारीचे नाव देऊन मोकळे होणे हा हौशी संग्राहकांचा आवडता प्रमाद आहे. जेथे खरी मोटार नमुना होती तेथे मोजपट्टी उपयोगी पडते. हॉर्नबींच्या आगगाडीचे प्रमाण एक फुटास सात मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४३ अंशांत एक, आणि डिंकी मोटारी त्याच्याच आसपास राहिल्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ९७ इंच, म्हणजे २४६४ मिलिमीटर. त्याला ४५ ने भागले की सुमारे ५५ येतात. मोजमाप याच्या जवळपास आले तर संशयाला आधार मिळतो, फार वेगळे आले तर नाव बदलावे लागते. १९५३ नंतरच्या मॅचबॉक्स मोटारींना मात्र हा हिशेब लागू नाही. तेथे डबी ठरलेली आणि मोटार तिच्यात मावेल एवढी, म्हणून प्रत्येकीचे प्रमाण निराळे.

याच मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या सुमारास ‘हिंदुस्थान १४’ म्हणून आणले, आणि तिच्या नंतरच्या पिढीतून २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबेसेडर आली. तेव्हा इंग्रजी मुलाने ज्या खेळण्याला मॉरिस म्हटले त्याला इकडच्या मुलाने हिंदुस्थान म्हटले असेल तर त्यात चूक कोणाचीच नाही. नोंद करणाराने मात्र दोन्ही नावे लिहावीत.

आता धातूकडे वळू. आरंभीच्या मोटारी शिशाच्या मिश्रणाच्या. शिसे जड आणि मऊ, रंग उडालेली कड कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. लवकरच जस्ताच्या मिश्रधातूने शिशाची जागा घेतली. जस्तात शेकडा चारच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात तांबे व मॅग्नेशियम असे हे मिश्रण दाबाने साच्यात भरले की दारांच्या रेघासुद्धा स्पष्ट उठतात. पण हे मिश्रण शुद्धतेच्या बाबतीत फार सोवळे आहे. शिशाचे प्रमाण शेकडा ०.००५ च्या पलीकडे गेले, की धातूच्या कणांच्या सीमांवर झीज सुरू होते. दमट आणि उष्ण हवेत ती वाढते. मोटार फुगते, तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि एके दिवशी कपाटात नुसता चुरा आढळतो. या व्याधीवर औषध नाही. युद्धपूर्व डिंकी मोटारींत ती वारंवार दिसते, युद्धानंतरच्या मालात क्वचित. त्यामुळे जी गोष्ट वस्तूचा घात करते तीच तिच्या वयाचा पुरावा ठरते. ज्यांच्याकडे अशा मोटारी असतील त्यांनी त्या कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि मुख्य म्हणजे त्या शाबूत आहेत तोवरच त्यांची मापे व छायाचित्रे नोंदवून ठेवावीत.

चाके, आस आणि खिडक्या यांवरून उरलेले काम होते. युद्धपूर्व डिंकी चाकाची तबकडी गुळगुळीत आणि आस बारीक. युद्धानंतर तबकडीवर उठावाची कडी आली. मॅचबॉक्सची चाके प्रथम धातूची, मग करड्या, रुपेरी आणि अखेर काळ्या प्लॅस्टिकची, आणि १९६९ पासून वेगाने धावणारी. अमेरिकेत १९६८ मध्ये निघालेल्या हॉट व्हील्सला दिलेले ते उत्तर होते. खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक बसविण्याची टूम १९५६ मध्ये कॉर्गीने मोठ्या प्रमाणावर आणली आणि इतरांना तिच्यामागे जावे लागले. स्प्रिंगवर डोलणारी चाके १९५९ ची. म्हणून मोटारीत जो सर्वांत नवा मूळ भाग असेल, तिच्यापूर्वी ती मोटार तयार झालेली असू शकत नाही. ‘मूळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण टायर बदललेले असतात, रिव्हेट कोरून तळपत्रा दुसऱ्याच मोटारीचा बसविलेला असतो, आणि जुन्या शरीरावर नवा रंग चढवून दुर्मीळ छटा ‘सापडविली’ जाते. पैसा शिरला की कोणतीही हौस निष्पाप राहत नाही, ग्रंथसंग्रहाचीही राहिलेली नाही.

या साऱ्यात भारतीय वाचकाला सर्वांत जवळचे प्रकरण कोलकात्याचे आहे. १९५७ नंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईत खेळण्यांसारख्या मालाची आयात जवळजवळ बंद झाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कारखान्याने आपले काही जुने साचे कोलकात्याच्या एस. कुमार अँड कंपनीला दिले, आणि जॅग्वार ई-टाइप, एमजीबी, मर्सिडीज २२० एसई यांसारख्या मोटारी ‘निकी टॉइज’ या नावाने बाजारात आल्या. साचे झिजलेले होते, रंग जाड बसे, कडा बोथट दिसत. तळावरून ‘मेकॅनो’ हे नाव काढले गेले आणि ‘डिंकी’च्या जागी ‘निकी’ आले. डबा हरवलेली, तळ घासटलेली अशी मोटार परदेशी संग्राहकाच्या हाती पडली, की तो ती ‘खराब डिंकी’ किंवा ‘नक्कल’ म्हणून मोडीत काढतो. हा निवाडा अन्यायाचा आहे. नक्कल करणारा दुसऱ्याची वस्तू पाहून नवा साचा कोरतो. येथे साचा अस्सल, धातू ओतणारे हात मात्र दुसरे.

ते ओळखण्याची रीत साच्याच्या स्वभावातच आहे. खेळण्यावर जे अक्षर उठलेले दिसते ते साच्यात खोल कोरलेले असते. साच्यातून ते काढायचे तर ती जागा भरून सपाट करावी लागते किंवा भोवतालचा भाग आणखी खोल कोरावा लागतो. पहिल्या रीतीने खेळण्यावर कोरी सपाट जागा येते, दुसरीने उंचवट्याची पट्टी. दोन्ही ठिकाणी पोत मूळ ओतकामाचाच असतो आणि तळ रंगविलेला असेल तर त्यावर रंगही अखंड. उलट कोणी तयार मोटारीवरचे नाव नंतर कानशीने घासले असेल तर तेथे खळगा पडतो, कानशीचे ओरखडे दिसतात आणि रंग असल्यास तो तुटतो. एका भिंगाने आणि तिरप्या उजेडाने हा भेद कोणालाही पाहता येतो. पहिल्या प्रकारची खूण कारखान्याची, दुसऱ्या प्रकारची लबाडाची.

लिव्हरपूलचा बिन्स रोडवरील कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला. त्याचा माल ओळखणे तरीही सोपे आहे, कारण १९१६ पासूनच्या ‘मेकॅनो मॅगझिन’च्या अंकांतील जाहिरातींत जवळजवळ प्रत्येक मोटार महिन्यासह नोंदलेली आहे आणि ते अंक ग्रंथालयांनी व संग्राहकांनी जपले. भारतीय खेळण्यांच्या दरपत्रकांना, डब्यांना आणि जाहिरातपत्रांना असे भाग्य लाभलेले नाही. ग्रंथालयाने ग्रंथ जपावेत, दुकानदाराच्या यादीला तेथे जागा कशाला, असेच आपल्याकडे मानले गेले; या समजाची किंमत आता मोजावी लागत आहे. जुन्या कपाटांतून, माळ्यावरच्या ट्रंकांतून असा एखादा कागद निघाला तर तो मोटारीइतकाच मोलाचा समजावा.

तोवर नोंदवहीत जेवढे वस्तूवरून वाचता येते तेवढेच लिहावे: ‘मोटार, जॅग्वार ई-टाइप. जस्ताचे मिश्रण. साचा लिव्हरपूलचा, ओतकाम कोलकात्याचे, १९६८ च्या सुमारास. तळावरील मूळ नाव साच्यातच काढलेले. पुढचा एक टायर नंतरचा. डबा नाही.’