गाडीच्या आधी टूलरूम

१९६६ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाना उभारायला घेतला, तेव्हा तिथून लगेच ट्रक बाहेर पडले नाहीत. आधी टूलरूम आली, मशिन टूल विभाग आला, शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण सुरू झालं, संशोधन केंद्र निघालं. पुण्यात गाड्या बनू लागेपर्यंत सत्तरचं दशक बरंच पुढं सरकलं होतं. हा क्रम टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी ठरवलेला. तंत्रज्ञान क्षेत्रातला वरिष्ठ अधिकारी थोर कशानं होतो, असं विचारलं की दूरदृष्टी, नेतृत्व, संवादकौशल्य ही ठरलेली यादी पुढं येते. ती खोटी नाही. पण कंपन्या बुडवणारेही त्या यादीत चपखल बसतात. पुण्याच्या गेल्या साठ वर्षांतून मला दिसतो तो निकष जरा रुक्ष आहे. काय विकत आणायचं आणि काय स्वतः शिकायचं हे ज्याला वेळेत कळलं, आणि शिकण्याच्या खात्यावर विक्रीचा रुपयाही न दिसता ज्यानं वर्षानुवर्षं पैसा घातला, तो मोठा.

टेल्कोनं १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि काही महिन्यांतच जमशेदपूरहून ट्रक निघू लागले. तंत्र विकत घेतलं ते असं, उघडपणे. पण करार १९६९ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, आणि पुण्याचं काम त्याच्या तीन वर्षं आधी सुरू झालं, यातच सगळं आलं. टूलरूमचं काम असं: ट्रकच्या केबिनचा पत्रा दाबायला डाय, म्हणजे साचा, लागते. पोलादाचा ठोकळा यंत्रावर कापून डाय तयार होते खरी, पण तिचे दोन भाग एकमेकांवर नीट बसायला माणसाचा हात लागतो. एका भागाला निळा रंग लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, जिथं रंग उठेल तो उंचवटा घासायचा, पुन्हा टेकवायचा. असं दिवसचे दिवस. ही डाय परदेशातून आणता येते, घासणारा फिटर आणता येत नाही. तो घडायला काही वर्षं लागतात, आणि ती वर्षं ताळेबंदात निव्वळ खर्च म्हणून दिसतात. ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या पंगतीला बसणारे मूळगावकर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतात. ती गोष्ट खरी असो वा नसो, टूलरूमचा पुरावा तिच्यापेक्षा भक्कम आहे.

यावर कुणी म्हणेल, की तो परवान्यांचा काळ होता. स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, मग धीर धरायला काय जातं? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तेच संरक्षण हिंदुस्थान मोटर्सलाही होतं आणि त्यांनी अँबेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत फारशी न बदलता बनवली. संरक्षणानं उसंत मिळते, तिचं काय करायचं हे वरचा माणूस ठरवतो. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझ्दा भारतीय भागीदारांना घेऊन हलक्या ट्रकांच्या बाजारात उतरल्या, तेव्हा टेल्कोनं १९८६ मध्ये ४०७ आणली. ती पुण्यात घडली होती. जपानी नावांतली काही पुढं बाजारातून दिसेनाशी झाली. ४०७ अजून रस्त्यावर आहे.

दुसरं उदाहरण पुण्याच्याच गणेशखिंडीतलं. अमेरिकेनं महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली, स्वतःचा महासंगणक बनवायला. मुदत तीन वर्षं, पैसा सुमारे ३० कोटी, प्रमुख विजय भटकर. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यातल्या चिपा, म्हणजे ट्रान्सप्युटर, ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते, म्हणून ‘यात आपलं ते काय?’ असं तेव्हापासून विचारलं जातं. माझ्या मते भटकरांचं कर्तृत्व नेमकं इथंच आहे. चिप घडवायला बसले असते तर तीन वर्षं त्यातच गेली असती. बाजारात मिळणाऱ्या चिपा आणून त्या शेकड्यानं एकत्र कशा राबवायच्या, एकच गणित त्यांच्यात कसं वाटायचं, ही विद्या मात्र कुणी विकत देत नव्हतं. ती त्यांनी पुण्यात उभी केली. टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी १९८१ मध्येच तिचं संशोधन केंद्र पुण्यात काढलं होतं, सॉफ्टवेअरची निर्यात अजून चिमूटभर असताना. त्यामागचा हिशेब हाच.

एवढं श्रेय एकेका माणसाला देणं बरं का, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. डाय घासणारे हात वेगळे होते, परमच्या आज्ञावल्या लिहिणारी पोरंही वेगळी. १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना उचललं, हाही याच कारखान्याचा इतिहास आहे. माणसं घडवणारी व्यवस्था त्यांच्याशी बोलायला नेहमीच तयार असते असं नाही. पण कशावर किती वर्षं पैसा घालायचा, ही सही फिटरच्या हातात नव्हती. ज्याच्या हातात ती होती, त्याला त्याच सहीवरून जोखावं.

मूळगावकर १९८९ मध्ये गेले. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोची इंडिका ही मोटार आली. तिची बाह्यरेखा इटलीत ठरली आणि जुळणीची लाइन ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्यातून सुटी करून पुण्याला आणली गेली. मोटारीचं अभियांत्रिकी काम मात्र मूळगावकरांनी बत्तीस वर्षं आधी काढलेल्या संशोधन केंद्रात झालं.