वाहनाचा पट्टा : तुटण्याआधीच बदललेला बरा

गडचिरोली, प्रतिनिधी - दुर्गम भागात वाहन बंद पडण्याच्या कारणांमध्ये इंजिनावरील रबरी पट्ट्याचा, म्हणजेच बेल्टचा, क्रमांक बराच वरचा असतो. हा पट्टा फारसा महाग नसतो. मात्र तो अवेळी तुटल्यास होणारा खर्च आणि मनस्ताप मोठा असतो. गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आलापल्लीनंतर जंगलातील रस्त्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा वेळी वाहनात रुग्ण असेल, तर पट्ट्याची हयगय जिवावर बेतू शकते.

दोन पट्टे, दोन कामे

इंजिनाच्या बाहेरील बाजूस दिसणाऱ्या पट्ट्याला आजही ‘फॅन बेल्ट’च म्हटले जाते. बहुतेक छोट्या मोटारींत पंखा आता विजेवर चालतो. पट्टा मात्र अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही वाहनांत पाण्याचा पंप व पॉवर स्टिअरिंग फिरवतो. तो तुटल्यास बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते किंवा इंजिन तापू लागते.

दुसरा टायमिंग बेल्ट. तो आवरणाखाली झाकलेला असून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखतो. तो तुटला की इंजिन तत्काळ बंद पडते. अनेक इंजिनांत, विशेषतः डिझेल इंजिनांत, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून हेड उघडण्याची वेळ येते. मारुती ८००, ओम्नी, जुनी सॅन्ट्रो व डिझेल इंडिका यांत असा पट्टा होता. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात त्याऐवजी साखळी असते. आपल्या वाहनात काय आहे, हे पुस्तिकेत पाहावे.

तपासणी अशी करावी

इंजिन बंद करून, चावी काढून व इंजिन थंड झाल्यावरच पट्टा पाहावा. भेगा, सुटलेले धागे, तुळतुळीत चकाकी किंवा तेलाचे डाग दिसल्यास तो बदलण्यास झाला असे समजावे. नव्या प्रकारच्या रबराला सहसा भेगा पडत नाहीत. त्याच्या खाचा झिजतात. त्यामुळे केवळ भेगा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. सकाळी गाडी सुरू करताना होणारी किंचाळी हे पट्टा सैल असल्याचे किंवा झिजल्याचे लक्षण होय. आवाज थांबावा म्हणून त्यावर तेल वा ग्रीस कदापि लावू नये.

टायमिंग बेल्टचे आयुष्य साधारणतः ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, मानले जाते. उन्हाळ्यातील कडक ऊन, कच्च्या रस्त्यांची धूळ आणि खनिज वाहतुकीच्या मार्गांवरील लाल माती यांमुळे या जिल्ह्यात तपासणी अधिक वेळा करणे हिताचे. कमी चालणाऱ्या वाहनाचेही रबर वयोमानाने कडक होते.

खर्चाचा हिशेब

छोट्या मोटारीचा बाहेरील पट्टा सहसा काही शे रुपयांत येतो. टायमिंग बेल्टचे काम काही हजारांत जाते, कारण त्यात मजुरी अधिक असते. टेन्शनर व आयडलर त्याच वेळी बदलावेत. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल, तर तोही बदलून घ्यावा. अन्यथा पुढे तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. उदाहरणादाखल, करापूर्वी संच ५ हजार व मजुरी २ हजार रुपये धरल्यास १,२६० रुपये कर मिळून बिल ८,२६० रुपये होईल. वेष्टनावरील कमाल किमतीत कर समाविष्ट असतो. त्या किमतीवर पुन्हा कर लावलेला नाही ना, हे पाहावे. जुना पट्टा मागून घ्यावा आणि बिलावर किलोमीटरची नोंद करून घ्यावी.

प्रवासात काय कराल?

तापमानाचा काटा चढल्यास गाडी लगेच थांबवावी. पाण्याचा पंप वेगळा चालत असेल आणि केवळ चार्जिंग बंद झाले असेल, तर दिवसा एसी व दिवे बंद ठेवून बॅटरीवर जवळचे गाव गाठता येते. लांबच्या प्रवासात योग्य मापाचा जादा पट्टा आणि १०, १२ व १४ नंबरचे पाने सोबत असावेत. टायमिंग बेल्ट मात्र रस्त्यावर बदलण्याजोगा नाही. त्याचे काम पावसाळ्यापूर्वीच, जाणकार मेकॅनिककडून उरकून घेणे इष्ट.