घाटातला ब्रेक

भातसानगर, शहापूर, आसनगाव या बाजूच्या मंडळींना कसारा घाट काही नवा नाही. नाशिकला जायचे तर तो चढायचा आणि परतताना उतरायचा. चढण्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. इंजिन कसे तापले, गाडी कशी धापा टाकीत होती, वगैरे. उतरण्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. आज त्या उतरण्याविषयीच बोलू.

आपल्याकडची आगगाडी एकदम आली नाही. १८५५ साली ती वाशिंदला पोचली, १८६० साली आसनगावला आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला. पुढचा इगतपुरीपर्यंतचा तुकडा अवघा सव्वानऊ मैलांचा, पण त्याला आणखी चार वर्षे लागली. तो १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ ९७२ फुटांचा. सर्वांत कठीण जागी सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर जायचे. कागदावर हे थोडे वाटते; पण भरलेली मालगाडी त्या उतारावर एकदा सुटली की मग ती कोणाचे ऐकत नाही.

त्या काळी सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक नव्हता. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन माणसाने हवेच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले ते १८६९ साली. तोपर्यंत गार्ड आणि त्याचे मदतनीस हाताने चाक फिरवून ब्रेक आवळीत. म्हणून थळ घाट आणि बोरघाट या दोन्ही ठिकाणी रेल्वेने एक फार शहाणपणाची सोय केली. उतारावर मध्येच एक फाटा काढला आणि तो उलट डोंगरावर चढवला. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असे. खाली येणाऱ्या गाडीने आधी थांबायचे; ती थांबली म्हणजे ब्रेक ठीक आहे, मग तिला सरळ वाट द्यायची. न थांबली तर ती आपोआप फाट्यावर जाऊन चढावर दमून उभी राहायची. ब्रेक कधीतरी दगा देईल, हे धरूनच घाट बांधला होता, बरं का!

मोटारीला असा फाटा दर उताराला कोठून मिळणार? तिथे गाडीवानाचे कान, नाक आणि पाय हाच काय तो फाटा.

आता ब्रेक करतो काय, ते पाहू. तो वेग गिळत नाही. वेगाची उष्णता करतो. शिक्षकांना वर्गात फळ्यावर मांडता येईल असा हिशेब आहे. एक टनाची गाडी तीनशे मीटर खाली उतरली, तर तिच्यातून साधारण तीस लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने दहा लिटर गार पाणी उकळीला येते. दहा टनांची भरलेली बस असेल तर शंभर लिटर, म्हणजे लग्नातला हंडाच! गिअरने आणि वाऱ्याने काही भार उचलला तर ठीक, नाहीतर ही सगळी आच चाकातल्या चार-सहा पट्ट्यांना सोसावी लागते.

त्या पट्ट्यांचा जन्मही उतारावरच झाला. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखात १८९७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले, की घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावतात. लाकूड घसरते, चामडे धरते. त्यावरून त्याने कापड आणि डांबरी मसाला यांची पट्टी बनवली, आणि फेरोडो नावाचा कारखाना उभा राहिला. पुढे या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आले. उष्णता सोसायला उत्तम, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक ठरली आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. म्हणून चाक खोलल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पायातला जोर तेलाच्या दाबाने चारही चाकांना पोचवण्याची युक्ती अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग मोटारीत १९२१ साली आली. पायाची पट्टी दाबली की तेल नळीतून जाते आणि ड्रममधली लायनिंग किंवा डिस्कवरचे पॅड आवळते. तेल दबत नाही म्हणूनच हे चालते. पण तेलात हवा शिरली किंवा तापून वाफ झाली, तर वाफ दबते. मग पट्टी स्पंजासारखी मऊ लागते, थेट खाली बसते, आणि गाडी धावतच राहते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. ओलावलेले तेल लवकर उकळते. आपल्या पावसाळ्याचा विचार करता गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत ते बदललेच पाहिजे.

ब्रेक बिघडण्याआधी बहुधा बोलतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तर पॅड झिजत आले असतील. लोखंडावर लोखंड घासल्याची करकर आली, तर फार उशीर झाला. दाबताच गाडी एका बाजूला ओढते? एखादे चाक कमी धरते आहे. चाकाच्या आतून ओले ओघळ, डब्यातले तेल पुन्हा पुन्हा कमी, हँडब्रेक पूर्वीपेक्षा वर ओढावा लागतो, उताराच्या पायथ्याशी करपल्याचा वास. यांतले एकही दिसले तर वरून तेल ओतून भागवू नका, मेकॅनिककडून चाक खोलून घ्या. मात्र नव्या गाड्यांत जोरात दाबल्यावर पट्टी पायाखाली थरथरते, ते चाक जाम न होऊ देणाऱ्या यंत्रणेचे काम आहे. तेव्हा पाय उचलायचा नाही.

आणि डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक आहेत! इंजिन बंद झाले की बऱ्याच गाड्यांत ब्रेकची मदत काही दाबांत संपते. ज्या गिअरने घाट चढलात, त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरा, आणि ब्रेक अधूनमधून, पण ठामपणे लावा. सतत पाय ठेवून उतरलात तर पट्ट्या तापून गुळगुळीत होतात. वास आलाच तर सुरक्षित जागा पाहून थांबा, चाकाखाली दगड लावा आणि गाडी निवू द्या. गरम चाकावर पाणी ओतू नका, लोखंड तडकते.

मुरबाडकडच्या रस्त्यावर पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आडवे येते. त्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक धरत नाही. पलीकडे गेल्यावर सपाट जागी हळू चालत चार-पाच वेळा हलका ब्रेक लावा. उष्णतेने पट्ट्या वाळतात. मग पुढचा उतार धरा.