दप्तर गावात, माणूस फडात

बालाघाटाच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावर मी नोकरीभर नर्स होते. दिवाळी सरली की ट्रॅक्टर लागायचे आणि पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, लेकरं घेऊन गाव ऊसतोडीला निघायचं. मागे म्हातारी माणसं उरायची, आणि माझी रजिस्टरं.

सहकारी साखर कारखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना भोर समितीनं १९४६ मध्ये मांडली, आणि १९५२ पासून अशी केंद्रं उघडू लागली. केंद्र माणूस घरी सापडेल असं धरून चालतं. कारखान्याला मात्र घर सोडून आलेला माणूस लागतो. १९७२ च्या दुष्काळानं बीडकडची आणखी माणसं घाटाखाली लोटली. मुकादम पावसाळ्यातच आगाऊ उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ती हंगामभर फेडते. एक दिवस काम बुडालं की खाडा: मजुरी जाते, वर दंड बसतो. दवाखान्याची वाट इथंच अडते.

ताप, हगवण कुठंही निभावते. शुगरला मात्र रोज गोळी लागते, नियमित तपासणी लागते, पाय बघावे लागतात. २०१० मध्ये मधुमेहासह असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढे आमच्याकडे ग्लुकोमीटर आलं, कार्डं आली. कार्डावर पत्ता गावचाच.

चाळिशीतली एक हाडकुळी बाई आठवते. हिच्या अंगावर मांस नाही, हिला कसली शुगर, असं सासू म्हणायची. पण बारीक अंगातही शुगर असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बारक्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जास्त, असं दिसलं. पोटभर न जेवलेल्या आयांच्या मुलांना मोठेपणी हा आजार गाठू शकतो. ऊस तोडणाऱ्या घरांत हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती हाडकुळी बाई रात्री तीनला उठून भाकरी थापायची आणि उजाडायच्या आत फडात. शुगर वाढली की सारखी तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं. फडात आडोसा नाही म्हणून ती पाणीच पीत नसे. छाटलेल्या उसाचे बुडखे सुरीसारखे टोकदार. त्यातला एक स्लीपर फोडून पायात घुसला. शुगरनं पायाची जाणीव गेलेली. गोळ्या संपल्यावर तिकडच्या दवाखान्यात गेली, तर यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं. हंगाम संपून पट्टा पडल्यावर घरी आली तेव्हा अंगठा काळा पडला होता.

“दुखतच नव्हतं बाई,” ती म्हणाली, “मग खाडा कशाला पाडायचा?”

अंगठा काढावा लागला.

दिवाळीआधी सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, असं मी दर बैठकीत सांगायचे. साठा महिन्याच्या हिशेबानं येतो, असं उत्तर मिळायचं. पण कारखान्याकडे टोळीनिहाय नोंद असतेच, कुणाचा किती टन ऊस आला ते तो रोज लिहितो. त्याच हिशेबातून माणसांची यादी हंगाम सुरू होतानाच जवळच्या आरोग्य केंद्राला मिळाली पाहिजे, आणि आमच्या तालुक्याचा गोळ्यांचा साठा त्या यादीमागोमाग तिकडे गेला पाहिजे.