गुंगेरियाचं तांबं आणि आमची बिडीची सुपं



रोवणी आटोपली, आता कापणीपर्यंत थोडी उसंत आहे. म्हणून आज जरा वेगळा विषय घेतला आहे. गेलं वर्षभर आमच्या बचत गटाच्या बाया एका खोलीत जुन्या वस्तू गोळा करत आहेत. सुरुवातीला नुसती एक लोखंडी पेटी होती. आज एक खोली आहे, दोन मांडण्या आहेत, एक नोंदवही आहे आणि म्हाताऱ्या बायांना टेकून बसायला एक लांब बाकडं आहे. गावातली पोरं त्याला संग्रहालय म्हणतात. आम्ही आपली ‘खोली’च म्हणतो. पण ही खोली कशासाठी, असं पुष्कळ जणी विचारतात. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

आपल्या गोंदियाच्या शेजारी बालाघाट जिल्हा आहे. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण बालाघाट जिल्हा १८६७ साली तयार झाला तेव्हा त्यातला काही मुलूख आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातूनच काढला होता. आपण तर १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होतो. म्हणजे हे सगळं एकाच घरातल्या वाटण्यांसारखं. त्या बालाघाटात गुंगेरिया नावाचं गाव आहे. १८७० साली तिथं दोन पोरं गुरं राखत होती. जमिनीतून धातूचं काहीतरी वर आलेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते ओढलं, उकरलं, आणि खाली खजिनाच निघाला. तांब्याच्या ४२४ वस्तू होत्या, बहुतेक चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारखी हत्यारं. चांदीचे १०२ पातळ पत्रे होते, काही गोल, तर काही शिंगांसकट बैलाच्या तोंडासारखे कापलेले. नुसत्या तांब्याचं वजन सुमारे ३७६ किलो भरलं. आपल्या हिशेबानं जवळजवळ पावणेचार क्विंटल! लोखंड आपल्याकडे घरोघरी येण्याच्या आधीच्या, तांब्याच्या युगातला हा साठा आहे.

मग हे तांबं गेलं कुठं? त्यातलं काही नागपूरच्या संग्रहालयात आलं, काही कोलकात्याला गेलं, आणि काही समुद्र ओलांडून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं. तिथं ते नीट जपलं आहे, यात शंका नाही. वितळवून हंडे केले असते तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं. पण बघा, वस्तू किती निघाल्या, वजन किती भरलं, हे सगळं कागदावर आलं. ज्यांच्या हातांनी ते उकरलं, ती मात्र सगळ्यांच्या तोंडी ‘दोन गुराखी पोरं’च राहिली.

ही गोष्ट आमच्या बैठकीत सांगितली तेव्हा एक आजी पटकन म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखंच. धान किती झालं ते लिहितात, रोवलं कुणी ते नाही लिहीत.” त्या दिवशी आम्ही ठरवलं की आपल्या वहीत वस्तूच्या आधी बाईचं नाव लिहायचं.

नागपूरचं ते संग्रहालय तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल. शाळेच्या सहलीत पोरं जातात. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. १८६३ साली, रिचर्ड टेंपल हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते तेव्हा, ते सुरू झालं. नावच सांगतं की लोकांना ते कसं वाटलं असेल. आपल्याच रानातले प्राणी, आपल्याच मातीतले दगड, आपल्याच देवांच्या मूर्ती, पण सगळं एका बंगल्यात मांडलेलं. अजबच की!

त्याच टेंपल साहेबांनी आणखी एक काम केलं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. १८६३ मध्ये ते वारले. गोंडांविषयी त्यांनी जमवलेले कागद टेंपल साहेबांनी १८६६ साली छापले. त्यात लिंगोचं गोंडी गीत आहे. हे गीत परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं. आपल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाला माघ पौर्णिमेच्या यात्रेत तुम्ही गेला असाल, तर तिथली कथा तुम्हाला ठाऊक आहे. गुहेत कोंडलेल्या लेकरांना पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी कसं सोडवलं, ती. त्याच कथेचा धागा त्या पुस्तकात आहे. दीडशेहून जास्त वर्षं ते गीत छापील राहिलं, ही मोठीच गोष्ट. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावं दोघा साहेबांची आहेत. गळा परधानाचा होता.

आम्ही साहेबांना नावं ठेवायला बसलेलो नाही. त्यांनी लिहिलं म्हणून राहिलं. पण आज आपल्यातल्या पोरी बारावी, पदवी शिकल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, आणि आपल्याकडे हा रेडिओ आहे. आता आपलं आपण लिहिलं नाही, तर दोष कुणाचा?

आता तुम्ही म्हणाल, संग्रहालयात ठेवायला आपल्याकडे आहे तरी काय? सोनं नाही, तलवारी नाहीत. तर पुण्याची एक गोष्ट ऐका.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होते. ते ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव फिरले, जुन्या वाड्यांमधून, माळ्यांवरून वस्तू आणल्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी आपल्या संग्रहाला ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे नाव दिलं. या सगळ्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. पुढं त्यांनी हे सारं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. १९९० साली ते वारले.

त्यांनी जमवलं काय, तर दिवे, समया, अडकित्ते, कुलपं, दौती, कंगवे, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं, दारं-खिडक्या. राजांच्या तलवारी सांभाळणारे पुष्कळ असतात. बायांच्या रोजच्या हातातली वज्री कुणी सांभाळावी, असं त्या काळी कुणाच्या मनात आलं असतं? आज त्या संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. पण एका वेळी मांडलेल्या असतात त्यातल्या सुमारे अडीच हजार. म्हणजे आठातली एक दिसते, बाकी सात आत असतात. संग्रहालय वाढणं म्हणजे नुसत्या वस्तू वाढणं नव्हे. ठेवायची जागा, कोरडी हवा, कीड न लागेल अशी व्यवस्था, आणि कुठं काय आहे याची चोख नोंद, हे सगळं त्याबरोबर वाढावं लागतं.

गोव्यात बाणावली गावात ‘गोवा चित्र’ नावाचं संग्रहालय २००९ मध्ये उघडलं. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी ते उभारलं. पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, खांब वापरून त्यांनी इमारतच बांधली. आत शेतीची, कारागिरांची, घरकामाची हजारो अवजारं आहेत. शेजारी शेत आहे, म्हणजे अवजार कशाला लागतं ते समजावं. पुढं गाड्या आणि चाकांचं वेगळं दालनही त्यांनी केलं. नांगर-वखर बघायला लोक तिकीट काढून जातात, हे ऐकून आमच्या बाया पदराआड हसल्या. पण हसता हसता एकीनं विचारलं, “मग माझं सूप का नाही ठेवायचं?”

ते सूप धान पाखडायचं नव्हतं, बिडीचं होतं. आपल्या भागात तेंदूचं रान आहे, त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याला बिडीचा धंदा वाढला. कित्येक घरांत आजी, आई, सून, तिघी मांडीवर सूप घेऊन बसत. पान भिजवायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीनं कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर. त्या बाईचं सूप मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं आहे. तिथं तिची तीस वर्षं झिजली आहेत.

गटात यावरून वाद झाला. काही जणी म्हणाल्या, बिडीनं आमच्या फुफ्फुसांची वाट लागली, तिचं कौतुक कशाला? त्यांचं खोटं नव्हतं. शेवटी ज्या बाईचं सूप, तिनंच निकाल दिला. ती म्हणाली, “बिडीचं कौतुक नको. माझ्या कामाची नोंद ठेवा.” सूप मांडणीवर आलं. त्याच्या शेजारी तिचं बिडी कामगाराचं ओळखपत्रही आहे. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. असा लाभ मागायचा तर कागद लागतो. तिचं कार्ड तिनं डब्यात जपलं होतं. तिच्या जावेचं चुलीत गेलं. म्हणून आम्ही मूळ कार्ड ठेवून घेत नाही. त्याची झेरॉक्स खोलीत, अस्सल तिच्या घरी. जुना कागद म्हणजे नुसता इतिहास नसतो, कधी कधी तो हक्क असतो.

वर्षभरात आमच्या हातून चुकाही झाल्या. पहिल्या पावसाळ्यात बांबूच्या टोपल्या आणि मासे धरायचे सापळे आम्ही भिंतीला टेकवून ठेवले. भिंतीला ओल आली. सापळ्यांना बुरशी चढली, टोपल्यांना कीड लागून खाली पिठासारखा भुसा पडू लागला. दोन टोपल्या गेल्या. ज्या ढीवर मावशीनं त्या दिल्या होत्या तिच्यासमोर मान वर होईना. ती रागावली नाही. म्हणाली, “घरी मी त्या चुलीवर टांगत होते. धुरानं कीड लागत नाही.” आम्ही वस्तू घेतली होती, पण ती जपायची कशी हे विचारलंच नव्हतं. आता मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढं आहेत, आणि वहीत ‘घरी कशी जपत होता?’ असा एक रकाना वाढवला आहे.

दुसरी चूक जात्याची. एका सासूबाईंनी जातं दिलं. दिवाळीनंतर सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, मला न विचारता कसं दिलं? त्यांचंही बरोबर होतं. जातं परत गेलं. तेव्हापासून वहीत दोन वेगळी पानं आहेत, एक ‘कायमचं दिलं’ आणि एक ‘ठेवायला दिलं’. देणारीची सही किंवा अंगठा, आणि घरातल्या आणखी एकीची सही. दोन महिन्यांनी त्याच सूनबाई जातं घेऊन आल्या. ‘ठेवायला दिलं’च्या पानावर आता दोघींच्या सह्या आहेत. आणि जात्यावरच्या ओव्या सासूबाईंच्या आवाजात मोबाइलवर उतरवल्या आहेत.

तर मैत्रिणींनो, खोली बांधायलाच हवी असं नाही. भंगारवाला दारात आला की पितळेचा कुडव, पायली, जुनी समई तराजूत टाकण्याआधी एवढंच करा. वही घ्या. ही वस्तू कुणाची होती, कुठल्या गावाहून आली, तिला तुमच्या घरात काय म्हणतात, गोंडीत काय, पोवारीत काय, तिनं कोणतं काम व्हायचं, हे लिहा. पोरीकडून एक फोटो काढून घ्या. मग विकायची तर खुशाल विका, अडचण सगळ्यांनाच असते. वस्तू गेली तरी तिची गोष्ट घरात राहील. गुंगेरियाचं तांबं लंडनला आहे, पण ती पोरं कोण होती हे आज कुणाला विचारणार?

आमच्या वहीत पहिल्या पानावर पहिलं नाव त्या सूपवाल्या बाईचं आहे. त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं सही केली. अक्षर थोडं वाकडं आहे, पण स्पष्ट वाचता येतं.

पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या बोड्या-तलावांच्या जुन्या गोष्टी घेऊन येऊ. तुमच्याकडे असतील तर कळवा. तोवर नमस्कार, जोहार!